रिकाम्या हौदाचं वजन

कालिसेमुतची वस्ती अजून नकाशात दिसते. तिथे जायचं झालं तर मात्र आता होडी करावी लागते. मी तिथल्या लांगारची, म्हणजे आमच्या लहानशा मशिदीची, देखभाल करायचो. झाडलोट, बांग, लाऊडस्पीकर, कुणी वारलं तर जनाज्याची तयारी. माझं नाव दुल्जानी. पण ही गोष्ट वारसितीची आहे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून मी तिला जन्मभर यू म्हणत आलो. यू म्हणजे थोरली बहीण.

आमचा कालवा समुद्राला मिळतो तिथे बांधात तीन मीटर रुंदीचं एक लाकडी दार होतं. भरती आली की चाक फिरवून ते खाली सोडायचं, ओहोटीला वर घ्यायचं, म्हणजे वस्तीतलं पाणी बाहेर जातं आणि समुद्र आत येत नाही. यू वारसिती त्या दारावर कामाला होती. तिच्याआधी तिचे वडील, पाक दार्मिन, तिथेच होते. पाक हे आम्ही वडीलधाऱ्याच्या नावाआधी लावतो.

यू तंत्रशाळेत शिकलेली. चाळीस पोरांच्या वर्गात एकटी मुलगी. तिथल्या मास्तरांनी एकदा फळ्यावर पाण्याचं दार काढलं आणि विचारलं, पाणी याला किती जोराने ढकलतं? पोरांनी वाट्टेल ते आकडे सांगितले. मास्तरांनी दाखवून दिलं, की पाणी सगळीकडे सारखं ढकलत नाही. वरच्या कडेला काहीच नाही, आणि जसजसं खाली जावं तसतसा जोर वाढत जातो. पाण्याची खोली खोलीनेच गुणायची, तिची निमपट करायची, दाराच्या रुंदीने गुणायचं, की टनांत उत्तर येतं. आणि हा सगळा भार जणू एकाच जागी टेकल्यासारखा असतो. ती जागा तळापासून एक तृतीयांश उंचीवर.

घरी येऊन तिने वडिलांच्या दाराकडे पाहिलं. त्याला चार लोखंडी पट्ट्या मारलेल्या होत्या, अगदी सारख्या अंतरावर. दिसायला सुरेख. पण सगळ्यात खालच्या पट्टीवर वरच्या दोन्ही पट्ट्यांच्या बेरजेहून जास्त भार येत होता, आणि जाडी मात्र चौघींची एकच. बापाला सांगावं असं तिच्या मनात आलं. तेव्हा पाक दार्मिन कॉफीवाल्याच्या बाकावर बसून, हे दार मी स्वतःच्या हाताने सजवलंय, असं चार जणांना सांगत होते. ती गप्प बसली. पुढच्या महिन्यातल्या मोठ्या भरतीत खालची पट्टी तुटली, फळी फुटली, चाक उलटं गरगरलं आणि पाक दार्मिनचा उजवा हात कोपरात मोडला. तो पुन्हा कधी सरळ झाला नाही.

ही हकिगत तिने मला एकदाच सांगितली, कुणाच्या तरी लग्नाचे मासे साफ करताना. "मला ठाऊक होतं, दुल," म्हणाली. मग खवले काढत राहिली.

पुढे दहा वर्षं तिने बाटिकच्या कारखान्यात कापडावर मेणाच्या रेघा ओढल्या. लग्न झालं. नवरा बोटीवर कामाला म्हणून सुलावेसीला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. मुलगी एंदा लग्न होऊन डोंगराकडे गेली. वडील वारल्यावर दाराची नोकरी यूला मिळाली आणि ती बांधावरच्या खोलीत राहायला गेली. कॅलेंडरचा महिना संपला की ते पान ती उलटं करायची आणि मागच्या कोऱ्या बाजूला रोजच्या भरतीची उंची आणि दारावरचा भार लिहायची. भिंतीवर खिळा होता, त्याला अशी पानं टोचलेली असत, वीस-बावीस वर्षांची.

आमची जमीन खाली जाते. दरवर्षी चार बोटं, एखाद्या वर्षी पाच. मी माझ्या घराची फरशी तीनदा भर घालून उचलली. छप्पर तिथेच राहिलं, त्यामुळे दारातून वाकून शिरायची सवय सगळ्या घराला लागली. भरतीचं पाणी गल्लीत शिरतं त्याला आम्ही रोब म्हणतो. पूर्वी रोब वर्षातून दोनदा यायचा, मग दर महिन्याला येऊ लागला, मग पोरं शाळेत चपला हातात घेऊनच जाऊ लागली.

लोक यूची थट्टा करायचे. "काय यू, आज समुद्राचं वजन किती?"

मासे धुरावर भाजून विकणारी म्हातारी रास्मी, तिला आम्ही सगळे म्बा, म्हणजे आजी म्हणायचो, ती हटकून मध्ये बोलायची, "मला विचारा ना! माझी टोपली चौदा किलो. समुद्राचं माझ्यानं उचलवत नाही."

यू हसायची, पण आकडा सांगायची. "बाबांच्या वेळी दारावर दीड मीटर पाणी चढायचं. साडेतीन टनांच्या आत भार. आता दोन मीटर चाळीस चढतं. साडेआठ टनांच्या वर. पाणी वाढलं दीडपट, ढकलणं वाढलं अडीचपट."

"म्हणजे?" म्बा रास्मी विचारायची.

"म्हणजे पुढच्या वेळी तो थोडासाच वर येईल, आणि पुष्कळ जोरात येईल."

मग वस्तीला पंपघर मंजूर झालं. केवढा आनंद झाला! पाणी आता पंपाने उपसून समुद्रात टाकणार, रोब बंद. दाराच्या शेजारी बांध आठ मीटर कापला आणि त्या जागी जमिनीत काँक्रीटचा एक हौद बांधायला घेतला. आठ मीटर लांब, पाच रुंद, चार खोल. त्याची समुद्राकडची भिंत तीच आता तेवढ्या जागी बांधाचं काम करणार होती. जोडांवर रबराच्या पट्ट्या बसवल्या. कालव्याच्या बाजूला हौदात पाणी घ्यायला दोन मीटरची खिडकी ठेवली आणि ती एकावर एक चार फळ्या रचून तात्पुरती बंद केली.

कामावरचा इंजिनिअर हेंद्रातो. सोलोकडचा, तिशीच्या आतला, बोलायला इतका नरम की मजूर त्याच्या आवाजाची नक्कल करायचे. ठेकेदार कधी दिसला नाही, त्याचे फक्त फोन यायचे.

काँक्रीट ओतलं त्या दिवशी यू सकाळपासून खुर्ची टाकून बसली होती. मिक्सरच्या गाड्या मोजत होती. सात गाड्या, एकेकीत सहा घनमीटर. तिने तिथेच कॅलेंडरच्या पानावर लिहिलं: बेचाळीस घनमीटर, घनमीटरला दोन पूर्णांक चार टन, सुमारे एकशे एक टन. खाली दुसरं लिहिलं. हौद बाहेरून आठ बाय पाच, म्हणजे चाळीस. भरतीला जमिनीतलं पाणी हौदाच्या काठाखाली अर्ध्या मीटरवर येतं, म्हणजे साडेतीन मीटर हौद पाण्यात. चाळीस गुणिले साडेतीन, एकशे चाळीस टन पाणी बाजूला सारलं. तेवढ्या जोराने पाणी त्याला वर उचलणार.

पान घेऊन ती हेंद्रातोकडे गेली. मी तेव्हा तिथेच होतो, मजुरांना मेगोनो, म्हणजे कोवळ्या फणसाचा भात, द्यायला गेलो होतो.

"साहेब, हौदाचं वजन एकशे एक. पाणी उचलणार एकशे चाळीसने. हा हौद रिकामा राहिला तर होडी होईल."

हेंद्रातोने पान नीट वाचलं. हसला नाही, हे मला आठवतं. तो तिला बू, म्हणजे बाई, म्हणायचा. "बू, याच्यावर स्लॅब येणार, वरचा मजला येणार, चार पंप येणार. सत्तर टन वाढेल. मग तो हलणार नाही."

"ते कधी येणार?"

"पंप बंदरात अडकलेत. स्लॅब त्यांच्यानंतर."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत हौदात पाणी भरून ठेवायचं. आत दीड मीटर पाणी असलं की अठ्ठेचाळीस टन होतात."

यूचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"बू, मला एवढं माहीत नसलं तर मला कोण ठेवेल कामावर?"

तिने त्याच्यासाठी त्या दिवशी तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, पाठवलं. पुढचे तीन महिने हौदात दीड मीटर हिरवट पाणी उभं होतं. पोरं त्यात गळ टाकून बसायची.

मे महिना लागला आणि वरून निरोप आला, की बावीस तारखेला मोठे साहेब उद्घाटन करणार. पंप नसले तरी उद्घाटन होणार. वर पत्र्याचं छप्पर, फुगे, फिती. आणि हौद स्वच्छ हवा, आतून आकाशी रंग दिलेला, साहेबांना जिन्यावरून वाकून पाहता यावा असा.

यूने कॅलेंडर पाहिलं. वर्षातली सगळ्यात मोठी भरती बावीस तारखेलाच, दुपारी एकच्या सुमाराला.

हौद उपसला. हेंद्रातोने भोवती दोन डिझेलचे पंप लावले आणि जमिनीतलं पाणी रात्रंदिवस ओढत ठेवलं, म्हणजे ते वर चढून हौदाला उचलणार नाही. पंपांचा आवाज एवढा, की मला बांग देताना कानात बोट घट्ट घालावं लागे. यूला मात्र तो आवाज गोड लागायचा. "चालू आहेत ना," एवढंच ती सकाळी उठून म्हणायची.

बारा तारखेला दुपारी आवाज थांबला. डिझेल संपलं होतं आणि आणायला गेलेला माणूस कुठेतरी जेवत बसला होता. हेंद्रातो शहरात. भरती चढत होती. यू हौदाभोवती फिरून आली. भिंतीला लागून मातीतून बुडबुडे येत होते, आणि कडेची ओली वाळू पाय ठेवला की थुलथुलत होती. आत दोन रंगारी भिंतीला रंग मारत होते.

"वर या रे दोघं!"

"का हो बू? चहा आलाय का?"

"पाणी येतंय."

तिने पहार उचलली आणि खिडकीतल्या फळ्यांपाशी गेली. मला हाक मारली म्हणून मी गेलो. "चार फळ्या आहेत," म्हणाली. "सगळ्यात खालचीवर पाणी सहाशे तीस किलोनं दाबतंय, तिला म्हैस लावली तरी हलणार नाही. वरचीवर नव्वद. ती आपण दोघं काढू."

फळी निघाली. कालव्याचं पाणी पडद्यासारखं आत पडायला लागलं. रंगारी शिव्या देत शिडीवरून वर आले, गुडघ्यापर्यंत निळे. दोन-तीन मिनिटांत हौदात कमरेच्या वर पाणी झालं. यूने पहार खाली टाकली आणि घाम पुसला. भिंतीकडचे बुडबुडे थांबले.

तीन दिवसांचा रंग गेला. ठेकेदाराचा फोन आला, खात्याचे साहेब आले, आणि वस्तीचा मुखिया, त्याला आम्ही पाक एर्ते म्हणायचो, त्याने सगळ्यांदेखत तिला झापलं. "तुझा बाप दार सांभाळायचा, तू अक्कल सांभाळ! दहा वर्षं अर्ज केले मी या पंपासाठी. तुझ्या त्या कॅलेंडरच्या पानांवर वस्ती बुडवणार का?"

"पानांवर कशाला बुडेल," ती म्हणाली, "बुडायची ती पाण्यातच बुडेल."

लोक हसले. ते हसणं तिच्या कामी आलं नाही. तिची नोकरी गेली, दाराच्या चाकाचा दांडा काढून नेला, आणि हौदाच्या फळ्यांवर लोखंडी आडणा बोल्टने कसला.

दोन दिवसांनी हेंद्रातो तिच्याकडे आला. यू म्बा रास्मीच्या धुराड्यापाशी बसून काड्यांना मासे टोचत होती. तोही शेजारी उकिडवा बसला. डोळ्यांत धूर गेला म्हणून असेल, त्याचे डोळे लाल होते.

"बू, बारा तारखेला तुम्ही फळी काढली नसती तर काय झालं असतं ते मी काढून पाहिलं," तो म्हणाला.

"मग तसं साहेबांना का नाही सांगितलंस?"

त्याने एक काडी उचलून तिला मासा टोचला.

"बाजूची माती धरून ठेवेल, असं म्हणाले असतील ते," यू म्हणाली. "भरावाची ओली वाळू. ती किती टन धरते रे?"

"मोजता येत नाही."

"मग जे मोजता येत नाही त्याच्या भरवशावर माणसं का उतरवता आत?"

"बावीस तारखेपर्यंत पंप बंद पडू देणार नाही. दोन दिवसांचं डिझेल जास्तीचं आणून ठेवलंय. पाहुणे गेले की त्याच संध्याकाळी हौद भरतो. शब्द देतो, बू."

म्बा रास्मीने त्याला एक भाजलेला मासा केळीच्या पानावर दिला. "खा बाबा. शब्द द्यायला पोटात काहीतरी लागतं."

एकवीस तारखेला त्याला पाहुण्यांच्या माणसांना आणायला विमानतळावर पाठवलं. ड्रायव्हरचं काम, पण पाठवलं. तो गेल्यावर ठेकेदाराची माणसं आली. डिझेलचे दोन्ही पंप, त्यांचे पाइप, तेलाने काळी झालेली माती, सगळं उचलून ट्रकमध्ये घातलं. भाषणात आवाज नको आणि फोटोत घाण नको. दुपारी चारला वस्तीत एकदम शांत झालं. मी लांगारच्या पायरीवर बसलो होतो. बायका म्हणाल्या, चला, डोकं मोकळं झालं. यू बांधावर उभी होती. तिने हौदाच्या भिंतीवर आणि शेजारच्या जुन्या बांधाच्या दगडावर मिळून कोळशाने एकच आडवी रेघ ओढली, सरळ, बाटिकवर ओढायची तशी. मग घरी गेली.

बावीस तारखेला नऊपासून लोक नटूनथटून जमले. मांडव, खुर्च्या, ढोल, खाऊचे डबे. पाहुणे दहाला यायचे होते. साडेदहा झाले, अकरा झाले. समुद्र शांत होता, लाट नाही, वारा नाही, नुसता हळूहळू चढत होता. मांडवातल्या कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं, कारण तिकडे पाठ करूनच खुर्च्या मांडल्या होत्या.

अकरा वाजून पाच मिनिटांनी यू माझ्याकडे आली. मी लांगारमध्ये चटया झटकत होतो.

"दुल, लाऊडस्पीकर लाव. खालच्या गल्लीला शाळेच्या टेकाडावर जायला सांग. मांडवातल्यांना उठव. हौदात दोन माणसं आहेत, त्यांना वर यायला सांग."

"काय झालं?"

"रेघ तुटली. हौदावरची रेघ बांधावरच्या रेघेच्या बोटभर वर आहे. तो उठतोय."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात घाई नव्हती. तीच ती भरतीचे आकडे सांगणारी यू. आणि मला पाक एर्ते आठवला, बारा तारखेचं ते झापणं आठवलं, लांगारच्या नव्या छपरासाठी त्याने कबूल केलेले पत्रे आठवले.

"पाक एर्तेंना विचारून येतो," मी म्हणालो. "एका मिनिटात."

ती वळली आणि खालच्या गल्लीत शिरली.

पाक एर्ते पहिल्या रांगेत, नवा बाटिकचा शर्ट, टोपी. मी वाकून कानात सांगितलं. तो तोंड न हलवता बोलला, "पाहुण्यांची गाडी पुलावर आलीय. आत्ता भोंगा वाजवलास तर तुला समुद्रात घालीन. इथे उभा राहा."

आणि मी उभा राहिलो. अर्धा तास. टोपी हातात घेऊन, खांबाशेजारी. गाडी पुलावर होती, मग पेट्रोल पंपावर होती, मग बाजारात होती.

त्या अर्ध्या तासात यूने काय केलं ते मला नंतर बायकांनी सांगितलं. घराघरात शिरून तिने पोरांचे हात धरले. वाद घातला नाही. "माझं ऐकू नका, पण पोरं टेकाडावर नेतेय, घ्यायला या," असं म्हणायची, आणि आया मागे धावायच्या. म्बा रास्मी धुराडं सोडेना. "सत्तर मासे चढलेत, जळतील!"

"मासे मी उतरवते. तू चालायला लाग."

"मग माझी टोपली घे."

"घेते."

तिने खरोखर टोपली घेतली, डोक्यावर, चौदा किलोची, आणि म्हातारीला पुढे घालून टेकाड चढली.

साडेअकराच्या सुमाराला हेंद्रातो आला. पाहुण्यांच्या पुढच्या गाडीतून. उतरल्या उतरल्या त्याने कान टवकारले, जसं घरात शिरल्यावर कुणी रडतंय का ते ऐकावं तसं. पंपांचा आवाज नव्हता. तो धावत हौदाकडे गेला. मीही मागे गेलो. त्याने ती कोळशाची रेघ पाहिली. आता दोन रेघांमध्ये माझी वीत मावली असती.

"फळ्या!" तो ओरडला. "फळ्या काढा!" पण आडणा बोल्टने कसलेला होता आणि पाना ट्रकबरोबर गेला होता. आत, आकाशी रंगाच्या तळाशी, दोन मजूर पाहुण्यांसाठी फुलांच्या कुंड्या मांडत होते. त्याने वरून हाका मारल्या. ढोल चालू होते. त्यांनी हात हलवला. मग तो शिडीने खाली उतरला.

हौद उठला तो एका कोपऱ्याने. चिखलात बसलेली म्हैस उठते तशी आधी मागची बाजू. आवाज मोठा नव्हता. रबराच्या पट्ट्या फाटल्याचा एक लांब आवाज, आणि मग खालून वाळू आणि पाणी एकदम उसळल्याचा. एक मजूर शिडीवरून काठावर आला, दुसऱ्याला हेंद्रातोने खालून ढकलून वर दिला. मी त्याचं मनगट धरून ओढलं. तेवढ्यात हौद समुद्राकडे कलला, काठ पाण्याखाली गेला आणि शिडी घसरली. मला हेंद्रातोचा फक्त पांढरा शर्ट दिसला. मग समुद्र आत पडला.

बांधाच्या दोन्ही बाजूंनी भगदाड पडलं. मी लांगारकडे पळालो आणि लाऊडस्पीकर लावला, पण तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मांडव गेला, खुर्च्या गेल्या. लोक बांधाच्या उंच भागावर चढले. खालच्या गल्लीतली अकरा घरं छपरापर्यंत बुडाली. त्यात माणूस एकही नव्हतं. पाहुण्यांची गाडी बाजारातूनच परत फिरली.

हेंद्रातो तिसऱ्या दिवशी सापडला. त्याची आई सोलोहून आली होती. यूने तिला पाण्याचं, टनांचं काही सांगितलं नाही. "त्याने दोघांना वर काढलं," एवढंच सांगितलं. मयताच्या आंघोळीचा पहिला तांब्या मी घातला.

चौकशी झाली. यू बावीस वर्षांची पानं पिशवीत घालून गेली. समोरच्या साहेबाने चारेक पानं उलटून पाहिली आणि ती पुन्हा सरळ करून कॅलेंडरची चित्रंच जास्त वेळ पाहिली. अहवालात लिहिलं, की समुद्राला असाधारण उधाण आल्याने नुकसान झालं. हौदाचं वजन कुठेच लिहिलं नव्हतं. आमच्या वस्तीला डोंगराकडच्या रस्त्यावर एका ओळीत घरं दिली. पाक एर्ते तिथेही मुखिया आहे. तो आता यूला पाहिलं की रस्ता बदलतो.

वर्षभर मी तिच्याशी त्या अर्ध्या तासाबद्दल बोललो नाही. मग एकदा ती पायरीवर एकटी शेंगा सोलत बसली होती, तेव्हा जाऊन बसलो.

"यू, मी लगेच लाऊडस्पीकर लावला असता तर ते दोघं मजूर आधीच वर आले असते ना? मग त्याला उतरावं लागलं नसतं."

ती सोलत राहिली. हातातली शेंग संपवून म्हणाली, "ते गणित मी केलेलं नाही, दुल. तूही करू नकोस."

करू नकोस म्हणाली तरी मी रोज करतो.

तिने मात्र दुसरंच काहीतरी शोधून काढलं. त्याच नकाशावरून, त्याच मापाचे आणखी तीन हौद किनाऱ्यावर बांधतायत. ती महिन्यातून एकदा बसने जाते आणि तिन्ही पाहून येते. गेल्या महिन्यात मी बरोबर गेलो. पहिल्या हौदात पाणी होतं, शेवाळलेलं, दीड मीटरच्या वर. दुसऱ्यात होतं. यूने वाटेत मला आल्याचा चहा पाजला, आणि मी तिला पुष्कळ दिवसांनी गुणगुणताना ऐकलं.

तिसरा हौद एका मच्छीमार वस्तीच्या टोकाला होता. दुपारची वेळ, भरती चढत होती. आम्ही काठावरून वाकून पाहिलं. आत पाणी नव्हतं. भिंती नव्याने पिवळ्या रंगवलेल्या, आणि तळाशी दोन माणसं झाडू मारत होती. पंपाचा आवाज कुठेही नव्हता.

यूने पिशवी खाली ठेवली, पदर कमरेला खोचावा तशी सारोंगची गाठ घट्ट केली आणि शिडीच्या तोंडाशी जाऊन मोठ्याने हाक मारली, "अरे पोरांनो, वर या! झाडू तिथेच टाका आणि वर या!"

खालच्या एकाने मान वर केली. कपाळावरचा घाम पुसला आणि हसून विचारलं, "काय म्बा, काही पडलं का तुमचं खाली?"